दाखवणारा कुठं बसतो?

मराठी सिनेमावाल्यांनी वर्षातून एकदा तरी एका छपराखाली जमावं, एकमेकांचं तोंडभर कौतुक करावं, नव्या माणसाची जुन्या माणसाशी गाठ घालून द्यावी, हे मला मनापासून पटतं. माझ्या मामांना पटत नाही. मामा विट्याचे. यात्रांमध्ये तंबू ठोकून सिनेमा दाखवणं हा आजोबांचा धंदा आणि तोच मामांचा. सांगली-साताऱ्याकडं असे तंबू पूर्वी चिक्कार होते. आता थोडे उरलेत, त्यांतला एक आमचा. मी पुण्यात राहून सिनेमे लिहिते. आता एक स्वतः उभाही केला आहे. विट्यातल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या एका बाईची गोष्ट आहे ती.

गेल्या नोव्हेंबरात तो सिनेमा घेऊन मी पणजीला फिल्म बाजारात गेले आणि मामांनाही सोबत नेलं. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेतला तंबू थोरल्या मुलावर सोपवून ते आले. यात्रेच्या दिवसांत मामा तंबू सोडून कुठं गेल्याचं घरात कुणाला आठवत नाही, म्हणून त्यांचं येणं मला फार मोलाचं वाटलं.

इफ्फी हा चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो, तिथं लोक सिनेमे बघायला जातात. त्याच दिवसांत मिरामारच्या बाजूला मॅरियट हॉटेलात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा (एनएफडीसी) फिल्म बाजार भरतो. तो २००७ साली सुरू झाला, आणि २०२५ मध्ये त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार झालं. तिथं सिनेमा बघण्यापेक्षा सिनेमा जमवण्याचं काम चालतं. कुणी पटकथा घेऊन सहनिर्माता शोधत असतो, कुणी कच्चं संकलन जाणकारांना दाखवून सल्ला घेत असतो, कुणी पूर्ण झालेला सिनेमा महोत्सवांच्या निवडकर्त्यांच्या नजरेस पडावा म्हणून व्ह्यूइंग रूममध्ये ठेवतो. दिवसभर टेबलांवरच्या भेटी आणि रात्री कुठल्या ना कुठल्या हिरवळीवर गप्पा. देशभरातली माणसं असतात, त्यांत मराठी मंडळीही बरीच. मामांनी दिवसा इफ्फीतले सिनेमे पाहिले आणि संध्याकाळी ते माझ्याबरोबर बाजारातल्या मंडळींत आले. परतीच्या वाटेवर, चोरला घाट लागायच्या आधीच आमची जुंपली.

"तुमच्याकडं माणूस समोर आला की आधी त्याच्या गळ्यातलं कार्ड वाचतात," मामा म्हणाले. "तोंडाकडं नंतर बघतात. माझ्या कार्डावर पाहुणा म्हणून लिहिलेलं बघितलं की नजर पुढं."

"ते मलाही टोचतं. पण कार्ड आहे म्हणूनच मला उत्तर मिळतं, मामा. त्याच माणसाला मुंबईत मेल पाठवून पाठवून मी थकते. माझा बाप इंडस्ट्रीत नाही, काका नाही, मी कुणाची सहायक म्हणून दहा वर्षं काढलेली नाहीत. बाजारात त्याची वीस मिनिटं माझ्या नावावर लागलेली असतात. त्या टेबलावर तो मला टाळू शकत नाही."

"वीस मिनिटांत काय होतं?"

"थोडा वेळ मी गोष्ट सांगते. मग तो बजेट विचारतो, किती पैसे जमलेत विचारतो. मग म्हणतो, हे माझ्या आवाक्यातलं नाही, पण पलीकडं अमुक बसल्यात, त्यांना असले सिनेमे हवे असतात. आणि उठून स्वतः मला तिथवर घेऊन जातो. एवढ्यासाठी मी जाते. घरातूनच ओळखी असलेल्यांना हे घरबसल्या मिळतं. मला त्यासाठी पणजी गाठावी लागते."

मामा थोडा वेळ गप्प बसले. त्यांना हे खोटं वाटत नव्हतं, पण पुरेसंही वाटत नव्हतं. मी मग फाळक्यांना पुढं केलं. १९१२ साली दादासाहेब लंडनला गेले तेव्हा तिथं त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसली, तसे ते आत शिरले. तिथले संपादक केबोर्न यांनी आधी, या फंदात पडू नका, म्हणून सांगून पाहिलं. माणूस ऐकणाऱ्यातला नाही हे लक्षात आल्यावर त्यांनीच कॅमेरा कुठला घ्यावा ते सांगितलं आणि सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओचं दार उघडून दिलं. फाळके विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परतले. भारतीय सिनेमाची सुरुवात एका अनोळखी कचेरीत शिरून झालेल्या ओळखीतून झाली आहे. ओळखी काढण्याला हिणवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला नेहमी वाटतं, आणि तसं मी मामांना सुनावलंही.

"बरं," मामा म्हणाले. "मग त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा पहिला खेळ कधी झाला?"

"२१ एप्रिल १९१३. ऑलिंपिया थिएटरात, निमंत्रितांसाठी."

"आणि आपण सिनेमाचा वाढदिवस कुठला धरतो?"

"३ मे."

"का?"

"त्या दिवशी कोरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला."

"लोकांसाठी म्हणजे तिकीट काढून. निमंत्रितांचा खेळ कुणी मोजला नाही. तुझा तो मॅरियटमधला सगळा कारभार मला २१ एप्रिलसारखा दिसतो. चांगले कपडे, चांगली माणसं, चांगलं बोलणं. ३ मे कुठं दिसंना."

"पण २१ एप्रिलला शहरातली मोठी माणसं बघून गेली, बोलबाला झाला, त्याचा ३ मेला उपयोग झालाच असेल ना!"

"झाला असेल. मी नको म्हणत नाही. मी विचारतोय, पुढची तारीख कुणाच्या वहीत आहे?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं. निदान मला तसं वाटत होतं. मी नावं घेतली. अविनाश अरुणचा 'किल्ला' याच बाजारातल्या वर्क-इन-प्रोग्रेस लॅबमधून गेला आणि २०१४ मध्ये बर्लिनला मुलांच्या ज्युरीनं त्याला क्रिस्टल बेअर दिलं. त्याच वर्षी चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'नं व्हेनिसला दोन पारितोषिकं घेतली. जयंत सोमलकरचा 'स्थळ' २०२३ मध्ये टोरंटोहून नेटपॅक पुरस्कार घेऊन आला. रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये सनडान्समध्ये वर्ल्ड सिनेमा ड्रॅमॅटिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. यांतला प्रत्येक सिनेमा कुणीतरी कुणाला तरी भेटलं, कुणीतरी कुणाला तरी बघायला लावलं, म्हणून तिथवर पोचला. एकट्यानं घरात बसून हे होत नाही.

"'स्थळ' बघितला मी," मामा म्हणाले. "पाट, पोहे, तेच तेच प्रश्न. शिक्षण किती, उंची किती, रंग कसा. आमच्या तंबूत लावला असता तर बायकांच्या बाजूनं त्या पाहुण्यांना मोठमोठ्यानं उत्तरं दिली असती. हसून तंबू पडला असता आणि शेवटाला सगळ्या गप्प झाल्या असत्या. मला तो लावायचा होता. कुणाला विचारायचं तेच कळंना. पोस्टरवर नावं भरपूर होती, पण फोन कुणाला लावू? पूर्वी असं नव्हतं."

इथून पुढं मामा जे बोलले ते मी मधे न बोलता ऐकलं, कारण त्यांतलं निम्मं मला नवीन होतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाझ थिएटरच्या आवारात वितरकांच्या कचेऱ्या असत. पावसाळा सरत आला की आजोबा मामांना घेऊन एसटीनं मुंबई गाठत. जिन्यावर, गल्लीत, चहाच्या टपरीवर गावोगावचे थिएटरवाले आणि तंबूवाले उभे असत. एका खोलीत चार टेबलं, प्रत्येक टेबलामागं एक वितरक, भिंतीला पोस्टरं. आजोबा आत गेले की समोरचा विचारी, "काय पाटील, यंदा पाऊस कसा?" हा प्रश्न शिष्टाचाराचा नव्हता. पाऊस चांगला तर पीक चांगलं, पीक चांगलं तर यात्रा भरते, यात्रा भरली तर तंबूत गर्दी, आणि त्यावर सिनेमाच्या पेटीचं भाडं ठरायचं. मग तो विचारी, मागच्या साली काय चाललं? कुठल्या जागी लोक उठून गेले? कुठलं गाणं पुन्हा लावायला लावलं? आजोबा सांगत आणि तो कागदावर टिपून घेई. मग सौदा. ठरलेलं भाडं की टक्केवारी, यावर घासाघीस. टक्केवारीवर सिनेमा घेतला तर रिळांच्या पेटीबरोबर वितरकाचा रिप्रेझेंटेटिव्ह यायचा. तो दारात बसून तिकिटांची पानं मोजायचा, रात्री तंबूतच पथारी टाकायचा आणि यात्रा संपेपर्यंत घरच्यासारखा होऊन जायचा.

रिळांचं काम मामांनी स्वतः केलेलं. पट्टी तुटली की तंबूत शिट्ट्या सुरू व्हायच्या. तेवढ्या वेळात तुटलेली दोन्ही टोकं कातरून सारखी करायची, एका टोकाचा थर पात्यानं खरवडून काढायचा, त्यावर फिल्म सिमेंट लावायचं, दुसरं टोक भोकाला भोक जुळवून त्यावर दाबून धरायचं आणि मनात आकडे मोजायचे. घाई केली तर जोड प्रोजेक्टरच्या गेटमध्ये पुन्हा सुटतो. त्या द्रवाचा वास बोटांना दोन दिवस राहायचा. आता सगळं डिजिटल झालं. पेटी गेली, पेटीबरोबर येणारा माणूसही गेला.

"म्हणजे तुम्हीही ओळखीच काढत होता, मामा," मी म्हणाले. "नाझच्या जिन्यावर तुम्ही उभे राहायचा, मी मॅरियटच्या हिरवळीवर उभी राहते. फरक काय?"

"फरक आहे. तिथं मला विचारायचे, तुमच्याकडं काय चालतं. गोव्यात तू मला एवढ्या लोकांना भेटवलंस. हा माझा मामा, तंबूत सिनेमा दाखवतो, म्हणून सांगितलंस. सगळ्यांनी फोटो काढले. वा वा केलं. एकानं तर माझ्यावर डॉक्युमेंटरी करतो म्हणून नंबर घेतला. पण यंदा यात्रेत काय लावलंय, किती तिकिटं गेली, हे एकानंही विचारलं नाही. तिथं बनवणारे होते. विकणारे होते, विकत घेणारे होते. परदेशात दाखवणारेही होते. इथं दाखवणारा कुठं बसतो, ते मला दिसलं नाही."

मला हे मान्य करावं लागलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं. पण मामा सांगतात तेवढी ही सोपी गोष्ट नाही, असं माझं अजूनही म्हणणं आहे. नाझचं आवार भरलेलं होतं त्या काळातही मराठी सिनेमाला पडद्यासाठी भांडावंच लागलं. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरचं कोहिनूर मिळेना, तिथं देव आनंदचा सिनेमा लागायचा होता. शेवटी शिवसेना मध्ये पडली तेव्हा 'सोंगाड्या' लागला. २०१५ मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं, तर केवढा गदारोळ झाला. आज छोट्या निर्मात्याला पडद्यागणिक डिजिटलचं भाडं भरावं लागतं, खेळाला पाच माणसं येवोत की पन्नास. दुपारी पावणेबाराचा खेळ मिळतो, पुढच्या शुक्रवारी तोही जातो. राज्य सरकारचं अनुदान अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख असं बरीच वर्षं होतं. त्याचा निर्मात्याला आधार होतो, हे मी पाहिलं आहे. पण ते सिनेमा बनल्याबद्दल मिळतं. तो कुठल्या तालुक्याच्या गावी किती दिवस चालला याच्याशी त्याचा फारसा संबंध येत नाही.

"हेच तुम्ही तिथं बोलत नाही," मामा म्हणाले.

"बोलतो की. चर्चासत्रं असतात."

"चर्चासत्रात भाषण असतं. मी सौद्याबद्दल बोलतोय."

निपाणीच्या अलीकडं आम्ही चहाला थांबलो. तिथं विषय सोहळ्यांवर गेला. आणि इथं मात्र मामांनी मला चकित केलं. मला वाटलं होतं, पुरस्कार, सत्कार, रोषणाई यांवर ते तुटून पडतील. तसं झालं नाही. २०२५ च्या इफ्फीचं उद्घाटन रस्त्यावर झालं, जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या (जीएमसी) इमारतीसमोरून चित्ररथांची मिरवणूक गेली. मामांना ती फार आवडली. "रथच की तो," ते म्हणाले. "लोकं कडेला उभी, पोरं खांद्यावर. सिनेमानं असंच गावातून फिरायला पाहिजे. सोहळा वाईट कोण म्हणतंय? आमचं सगळं पोटच सोहळ्यावर आहे. यात्रा नसती तर तंबू कुठं ठोकला असता?"

"मग तुमचं भांडण कशाशी आहे?"

"यात्रा देवाची असते. तंबूवाला, पाळणेवाला, मिठाईवाला, तमाशावाला, सगळे त्याच्या जिवावर येतात, आणि सगळ्यांना ठाऊक असतं की देव मधे आहे. तुमच्या सोहळ्यात मधे तुम्हीच. सिनेमा बघणारा माणूस मधे पाहिजे. तो कडेलाही दिसंना."

हे ऐकायला बरं वाटतं, पण मला ते पूर्ण पटलेलं नाही, आणि का पटलेलं नाही ते इथं मांडायलाच हवं. सिनेमा करणारी माणसं फार एकटी असतात. पटकथा लिहिताना तीन-तीन वर्षं कुणी विचारत नाही. पैसे जमवताना घरचे लोकही नजर चुकवायला लागतात. लाइटमन, मेकअपवाले, स्पॉटवर चहा-पाणी बघणारी पोरं यांचं काम आज आहे, उद्या नाही. एका संध्याकाळी कुणीतरी जवळ येऊन म्हणतं, तुझा तो प्रसंग मी विसरू शकलो नाही, आणि त्यावर माणूस पुढचं वर्ष काढतो. हे मी माझ्या सोबत्यांत पाहिलं आहे. वाहिन्यांवरचे सोहळे निराळे, तिथं नाच जास्त आणि सिनेमा कमी. त्यांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. पण एकमेकांच्या कामाचं कौतुक करायला जमणं ही चैन आहे असं कुणी म्हटलं तर मी ते ऐकून घेणार नाही. मामांनाही मी तेच सांगितलं, जरा चढ्या आवाजात.

"चिडू नकोस," मामा म्हणाले. "त्या विदर्भातल्या पोराचं काय झालं?"

त्या पोराची गोष्ट सांगायलाच हवी. एका मराठी निर्मात्यानं दिलेल्या जेवणात तो आम्हाला भेटला. आपल्याच गावात, गावातल्याच माणसांना घेऊन त्यानं सिनेमा केला होता. दोन महोत्सवांत तो दाखवलाही गेला होता. पण त्याच्या गावाच्या आसपास थिएटर नाही, त्यामुळं ज्यांनी त्यात काम केलं त्यांनीच तो मोठ्या पडद्यावर पाहिलेला नव्हता. तो हे सगळं मला सांगत होता आणि मामा शेजारी भात कालवत ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं यात्रा कुठल्या महिन्यात?" पुढचा तासभर ती दोघं बोलत बसली. वीज कुठून घ्यायची, जनरेटर किती किलोवॅटचा लागतो, पडदा किती फुटी, वाऱ्याला कनात कशी ताणायची, परवानगी पोलिसांची आधी की ग्रामपंचायतीची. त्या पोरानं सगळं फोनवर टिपून घेतलं.

"बघा," मी म्हणाले. "हा तुम्हाला विट्यात बसून कधी भेटला असता?"

"नसता भेटला."

"मग?"

"मग काय. भेटला तो जेवणाच्या रांगेत. तुमच्या टेबलांच्या यादीत त्याचं-माझं टेबल नव्हतं. असतं तर असे पन्नास भेटले असते. मी तेवढंच म्हणतोय."

गाडीत परत बसल्यावर मामांनी 'संत तुकाराम'चा विषय काढला. आजोबा तो सिनेमा लावायचे तेव्हा लोक चपला तंबूबाहेर काढून आत यायचे, तुकाराम झालेले पागनीस पडद्यावर आले की हात जोडायचे. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मी त्यांना सांगितलं की १९३६ चा हाच सिनेमा १९३७ मध्ये व्हेनिसला गेला आणि तिथं निवडक उत्कृष्ट सिनेमांत त्याची गणना झाली. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून जास्त चालला. तोच सिनेमा, तीच रिळं, एकीकडं व्हेनिस आणि दुसरीकडं आजोबांचा तंबू. मग महोत्सवाचा सिनेमा वेगळा आणि लोकांचा वेगळा, हे कुणी ठरवलं?

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो सिनेमा बनवणाऱ्या प्रभातचं बरं होतं. बनवायचे तेच आणि पुण्यातलं प्रभात थिएटरही त्यांच्याच हातात. खेळ सुटला की लोकं काय बोलत बाहेर पडतात, ते मालकाच्या कानावर जात असणार. बनवणारा आणि दाखवणारा एका घरात होते. आता दोघांची घरं वेगळी झाली आणि येणंजाणंही बंद झालं."

मला वाटतं आमच्या सगळ्या वादाचं मूळ मामांच्या या बोलण्यात आहे. प्रभातच्या काळी जे एका कंपनीच्या आवारात आपसूक होत होतं, ते आज मुद्दाम घडवून आणावं लागणार. त्यासाठी जमण्यावाचून दुसरी वाट मला तरी दिसत नाही. म्हणून मेळावे बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी कधीच जाणार नाही. पण मराठी सिनेमाच्या प्रत्येक मेळाव्यात, मग तो पणजीत असो, पुण्यात असो की कोल्हापुरात, काही टेबलं दाखवणाऱ्यांची असायलाच हवीत. कराडचा एकपडदा थिएटरवाला, उदगीरचा, चंद्रपूरचा, नाट्यगृहाचा व्यवस्थापक, फिल्म सोसायटी चालवणारा प्राध्यापक, आणि तंबूवाला. त्यांना हार घालून पहिल्या रांगेत बसवू नका. त्यांच्यासमोर दिग्दर्शकांना वीस-वीस मिनिटं बसवा. गोष्ट सांगू द्या, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देऊ द्या. परदेशी निवडकर्त्यासमोर आम्ही जेवढ्या तयारीनं बसतो, तेवढ्याच तयारीनं विट्याच्या माणसासमोर बसलो पाहिजे. त्यांतले निम्मे लोक म्हणतील, हा आमच्याकडं चालणार नाही. म्हणू देत. का चालणार नाही, ते तरी कळेल.

मामांना यातही खोट दिसली. "बोलावलंस तर लोकं येतील," ते म्हणाले, "पण निम्मे स्टारचं नाव विचारतील आणि उठतील. दाखवणारेही काही संत नाहीत. मोबाइलवर आठ-दहा आठवड्यांत सिनेमा येतो, मग तंबूत कोण येणार, हे रडगाणं मीपण गातो. आम्हालाही शिकायला लागेल."

कोल्हापूर मागं पडलं होतं. मी विचारलं, "माझा सिनेमा तुम्ही परवा लॅपटॉपवर बघितलात. अजून काही बोलला नाहीत."

"चांगला केलायस."

"तंबूत लावाल?"

मामांनी लगेच हो म्हटलं नाही. मला ते आवडलं. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. लांबी किती? एक तास बावन्न मिनिटं. मध्यंतर कुठं? मध्यंतर ठेवलेलंच नाही. "ते ठेवायला लागेल. चहा-भजीवाला कसा जगेल?" मग म्हणाले, "तुझ्या सिनेमात शांतता फार आहे. माग बंद पडतो आणि ती बाई नुसती उभी राहते, तिथं तू काहीच वाजवलं नाहीस. थिएटरात ते अंगावर येईल. पण यात्रेत माझ्या शेजारी मौत का कुआँ असतो. त्याच्या मोटारसायकलचा आवाज तुझ्या त्या शांततेत येऊन बसणार."

मी जरा घाबरले. त्या शांततेवर ध्वनिमुद्रकाबरोबर मी कितीतरी रात्री घालवल्या होत्या. तिथं वाऱ्याचा, दूरच्या गाडीचा, कशाचाही आवाज राहू नये म्हणून आम्ही भांडलो होतो.

"मग नको म्हणताय?"

"नको कुठं म्हटलं? पौषात पालीला खंडोबाची यात्रा आहे. मौत का कुआँ आणि पाळणे रात्री अकराला बंद होतात. साडेअकराचा खेळ तुला देतो. तोवर पोरंटोरं झोपलेली असतात, बायका गोधड्या घेऊन बसतात, त्यांना बघायचा असतो. जनरेटर मी पन्नास फूट लांब नेतो, केबल वाढवतो. भाडं काय घेणार?"

"मामा, तुमच्याकडून काय भाडं घ्यायचं?"

"तसं नाही चालायचं. फुकट घेतला तर मी जीव लावून दाखवणार नाही, आणि तूपण हिशेब विचारणार नाहीस. ठरलेलं भाडं की टक्केवारी?"

"टक्केवारी," मी म्हणाले.

"मग तिकिटं मोजायला तुझा माणूस पाठव."

"मीच येते."

"ये. पण दारात बसायचं, आत नाही. खेळ सुटल्यावर कोण काय बोलत बाहेर येतंय, ते दारातच ऐकू येतं."